परत धाडलेला डबा

येळ अमावस्येला माझ्या आईनं पाठवलेला डबा मी न उघडता परत पाठवला होता. वर एक चिठ्ठी बांधली होती. आईला वाचता येत नाही हे ठाऊक असून बांधली होती. वय बावीस, बाप्तिस्मा होऊन आठ महिने झालेले, आणि अक्कल अजून वाटेतच होती.

हे आज लिहायला बसले त्याला कारण आमचे नवे पाळक. माझ्या नातवाच्या वयाचे, मिशी नुकतीच स्थिरावलेली. परवा घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, आजी, या रविवारचा उपदेश शिष्यत्वाच्या किमतीवर आहे, तुम्ही साक्ष द्या. देवाला पहिलं स्थान देताना काय सोडावं लागलं ते आमच्या तरुणांना कळू द्या. मी हो म्हणून बसले. तेव्हापासून बूड टेकत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली, कढीपत्त्याच्या कुंडीला दोनदा पाणी घातलं, साक्ष लिहायला घेतलेला कागद तीनदा फाडला. सुनेनं विचारलं, बीपीची गोळी घेतली का? घेतली. पण हे गोळीचं काम नाही.

साक्ष द्यायची मला सवय आहे. इतकी वर्षं एकच देत आलेय, आणि कुठल्या वाक्याला बायकांचा पदर डोळ्यांकडे जातो तेही मला पाठ आहे. मैंदर्गीच्या पुढं आमचं गाव. मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, घरात बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना आप्पा. मी सोलापुरात नर्सिंग शिकायला आले, इथं ख्रिस्ताची ओळख झाली, बाप्तिस्मा घेतला. ते सांगायला गावी गेले तेव्हा आप्पा उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, ह्या दारात पुन्यांदा पाय ठेवायचा न्हाय. आले तशी पिशवी उचलून फिरले. एसटीत सोलापूर येईस्तोवर रडले. आप्पांनी तो शब्द मरेपर्यंत पाळला. हे सगळं खरं आहे, यातलं एक अक्षर फुगवलेलं नाही. साक्ष इथं संपते. डब्याचं नाव त्यात आजवर निघालेलं नाही.

आप्पांचा हुकूम अव्वानं मोडला नाही, वळसा तेवढा घातला. मी दारात यायचं नव्हतं, पण भाकरीनं दाराबाहेर पडू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. सोलापूर गाडीचा कंडक्टर आमच्याच गावचा. महिन्यातून एकदा-दोनदा आप्पांच्या नकळत ती त्याच्याकडे फडकं द्यायची. शेंगाची चटणी, कडक भाकरी, कधी लोण्याचा गोळा. स्टँडवर जाऊन मी ते आणायची आणि मिटक्या मारत खायची. तेव्हा माझा विश्वास कुठं आड आला नाही.

येळ अमावस्या आली आणि तो आड आला. आमच्याकडं त्या दिवशी सगळं घर शेतात जातं. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड मांडून पूजा करायची. हिरव्या शेंगांची, पालेभाज्यांची भज्जी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, हे सगळं आधी देवाला दाखवायचं आणि मग पंगत. आधी म्हणजे आधी. लहानपणी एकदा नैवेद्याआधी मी भज्जीच्या भांड्यात बोट घातलं, तर अव्वानं त्या बोटावर पळी हाणली होती आणि अख्खं भांडं गड्यांना वाटून भज्जी नव्यानं रांधली होती. देवाला उष्टं चालत नाही. इतकी कडक बाई.

म्हणून त्या दिवशी डबा हातात पडल्यावर मला एकच कळलं: हे मूर्तीपुढचं अन्न. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांना विचारायला गेले. ते म्हणाले, आईनं पाठवलंय ना पोरी, मग प्रार्थना कर आणि खा. मला ते विश्वासात कच्चे वाटले. आठ महिन्यांची मी, आणि त्यांचं उभं आयुष्य सेवेत गेलेलं, पण कच्चे ते. होस्टेलच्या मुली डब्याभोवती वास घेत बसल्या होत्या, त्यांना मी बाजूला सारलं आणि वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली: ‘मूर्तीला दाखवलेलं मी खात नाही. माझा देव पहिला, मग तुम्ही सगळे.’ संध्याकाळच्या परतीच्या गाडीनं डबा गेला. रविवारी महिला मंडळात हे मीच सांगितलं. पोरीनं वधस्तंभ उचलला म्हणून बायकांनी पाठ थोपटली. उचलला होता डबा, तोही कंडक्टरनं.

पुढच्या आठवड्यात स्टँडवर गेले तर कंडक्टरचे हात रिकामे. त्यानं इकडंतिकडं बघत सांगितलं. गाडी गावात पोचली तेव्हा अव्वा फाट्यावर नव्हती, आप्पा होते, चहाच्या टपरीवर. डबा त्यांनी ओळखला. चिठ्ठी टपरीवाल्यानं वाचून दाखवली, एकेक अक्षर जुळवत, सगळ्यांच्या देखत. मुलीला महिनोन्महिने घरातून डबे जातात हे आप्पांना तिथं, चारचौघांत, कळलं. घरी अव्वाचं काय झालं ते कंडक्टर बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

वर्षभर काही आलं नाही. हाही छळच, प्रभूसाठी सोसायचा, असं मी स्वतःला सांगत होते. आणि तरी त्या गाडीच्या वेळेला स्टँडवर जात होते. कंडक्टर लांबूनच मान हलवायचा.

आता या वयात मला कुणी विचारलं तर उद्या पुन्हा बाप्तिस्मा घेईन. देव पहिला, त्या जागेवर मी दुसरं कुणी बसवलेलं नाही. आप्पांचं दार बंद झालं ती माझी किंमत होती, ती मी दिली आणि अजून दुखते तरी परत मागितली नाही. पण डबा प्रभूनं माझ्याकडं मागितला कधी? तो मी हौसेनं दिला, आणि सोसलं अव्वानं. शिवाय वधस्तंभ म्हणून मिरवला मीच. याच गाठीपाशी माझा कागद फाटतो. पाळकांना निरोप धाडलाय की साक्ष देते, पण आप्पांचं दार दोन वाक्यांत उरकीन, डब्याला जरा वेळ लागेल.

कारण पुढच्या येळ अमावस्येला अव्वा स्वतः आली. त्या दिवशी घरची बाई शेत सोडून हलत नाही. ही पूजा झाल्याबरोबर, पंगत बसायच्या आत उठून फाट्यावर गेली होती. दवाखान्याच्या ओपीडीबाहेर बाकावर बसली होती, पायाला शेतातली माती, मांडीवर फडक्यात बांधलेला तोच डबा. मी पांढऱ्या कपड्यात, ड्यूटीवर. वर्षानं आई दिसली होती. पाया पडावं, गळ्यात पडावं, निदान पाणी तरी विचारावं. मी विचारलं, “अव्वा, हे नैवेद्याचं आहे का?”

तिनं डबा मांडीवरून बाकावर ठेवला. मग फडक्याची गाठ सोडत म्हणाली, “तुजं आदी काडलं, मग देवाला दावलं. औंदाबी, आन् गेल्या सालीबी. माज्या देवाला म्या उष्टं दावलं तुज्यापायी. आता खातीस, का ह्येबी परत न्हेऊ?”