तवा आणि माशाचं मीठ
तव्यावर बोंबील चुरचुरले की मला मुलुंडचा पन्नासेक वर्षांपूर्वीचा तो पावसाळा आठवतो. सासऱ्यांच्या काचेच्या टाकीतला सोनेरी मासा आजारी पडला होता आणि त्याच्या औषधाच्या मिठाचा बरणीत पार दगड झाला होता. मी नवी सून, अक्कल नुसती उतू चाललेली! मीठ तव्यावर भाजलं की मोकळं होतं, एवढं मला ठाऊक. सकाळी त्याच तव्यावर बोंबील तळले होते, ते मात्र साफ विसरले. टाकीत घालण्याआधी सासऱ्यांनी मीठ हुंगलं. “सूनबाई, आजाऱ्याला त्याच्याच नातलगांचा वास देतेस होय?” सासूबाई पदर तोंडाशी धरून हसत सुटल्या. भर पावसात सासरे वाण्याकडून नवं मीठ घेऊन आले आणि मासा तरला. हल्ली नातीच्या फिशटँकचं मीठ घट्ट झालं, की “आजी, तू बस गं,” म्हणत ती आधी तवा लपवते.