मर्नाआईनं ओढलेले पडदे

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या त्या गावात ज्युनियर संघातून आइस हॉकी खेळायला पोरं लांबलांबून येत आणि हंगामभर कुणा ना कुणाच्या घरी राहत. नवरा गेल्यापासून मर्ना वासिलिशेनच्या घरीही दर हिवाळ्यात एक पोरगा असे. पोरं तिला मर्नाआई म्हणत. बाई फटकळ. रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पंचांचा उद्धार करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

त्या वर्षी तिच्याकडे कोल्टन रेम्पेल आला. शेजारच्या मॅनिटोबा प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा, खेळायला बचावपटू आणि जेवायला बकासुर. मर्नाची कुत्री टुली तर पहिल्याच आठवड्यात फितूर होऊन त्याच्या पायाशी झोपू लागली.

जानेवारीत संघ जिंकत सुटला होता. तेव्हाच एका सामन्यात कोल्टन कडेच्या फळ्यांवर आपटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोळे मिटून जिन्यातच बसला होता.

"मर्नाआई, पडदे ओढ ना. उजेड टोचतोय."

"डोकं दुखतंय? ओकलास का?"

"एकदाच."

"थांब, कोचला फोन लावते."

"नको गं! शनिवारी विद्यापीठाच्या संघाची माणसं माझा खेळ बघायला येणारेत. कोच बाकावर बसवेल मला. सांगू नकोस, प्लीज!"

"गाढवा, डोकं आहे ते, गुडघा नाही!"

असं म्हणाली खरी, पण हातातला फोन तिनं खाली ठेवला. मोडक्या बरगडीनं अंतिम सामना खेळलेल्या नवऱ्याचं कौतुक तिनं जन्मभर गावाला ऐकवलं होतं. त्या गावात दुखणं सांगणाऱ्याला नावं ठेवत, लपवणाऱ्याच्या पाठीवर थाप पडे. आणि खरं सांगायचं तर शनिवारचा सामना तिलाही जिंकायचा होता. तिनं पडदे ओढले आणि त्याच्या आवडीच्या पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, करायला घेतल्या.

शनिवारी पोरगा झकास खेळला. ओरडून ओरडून मर्नाचा घसा बसला. मग कुणाचा तरी साधा धक्का लागला, हेल्मेट बर्फाला टेकलं. कोल्टन उठला आणि सरळ समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. प्रेक्षक खो खो हसले. मर्ना मात्र उठून बाकाकडे धावली.

डॉक्टरांनी हॉकी कायमची बंद केली. त्याची आई न्यायला आली तेव्हा मर्नाच्या गळ्यात पडून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून मी निर्धास्त होते हो." त्या वेळी तरी सांगायला हवं होतं. मर्ना मूग गिळून गप्प राहिली, आणि ते तिला आजही खातं.

आता नवा पोरगा बॅगा घेऊन दारात उभा राहिला की ती आधी बजावते, "डोकं दुखलं तर मी कोचला सांगणार. पटत नसेल तर दुसरं घर बघ." पोरांना वाटतं, म्हातारी गंमत करतेय.

दर नाताळला कोल्टनचा फोन येतो.

"मर्नाआई, टुली कशी आहे?"

"मजेत. म्हातारी झालीय, सोफ्यावरून हलत नाही."

तो वडिलांच्या गाईंचं सांगतो, थंडीचं सांगतो. मग विचारतो,

"आणि टुली कशी आहे गं?"

"मजेत रे," मर्ना म्हणते. "म्हातारी झालीय, सोफ्यावरून हलत नाही."