इराचा पहिला मासा

गेल्या शुक्रवारी इथे आखातात, अल खोरच्या किनाऱ्यावर माझ्या लेकीला, इराला, पहिला मासा मिळाला. दीड वितीचा शेरी... पण थाट असा, जणू वर्ल्ड कपच जिंकला!

सोबत लिंडा होती. स्टेडियमच्या साइटवर आम्ही दोघी सेफ्टी बघतो. ती अमेरिकेतल्या याकिमा या मूळनिवासी लोकांपैकी. आता ते स्वतःला याकामा म्हणवतात. कोलंबिया नदीकाठी सामन माशावर जगणारी माणसं.

बरीचशी जमीन सरकारशी झालेल्या करारात गेली, पण मासेमारीचा हक्क त्यांनी राखून ठेवला. पुढे धरण झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या जिथे मासे धरले तो धबधबाच बुडाला... लिंडाची आई अजून त्याच्या आवाजाबद्दल बोलते.

इराचे तळण्याचे बेत चालले होते. लिंडा सहज म्हणाली, "आमच्यात पहिला मासा मूल स्वतः खात नाही. मोठ्यांना देतं."

"बट आय कॉट इट!" इराचे डोळे भरले. कितीतरी शुक्रवार ती रिकाम्या हाताने परतली होती.

मीही अडखळले. आपल्याकडे पहिला आंबा देवापुढे ठेवतात, तरी दुसऱ्यांची रीत लेकीवर लादायची? लिंडाला तसं बोललेही. ती हसली. "मी फक्त सांगितलं. मासा तिचा आहे, ठरवू दे तिला."

मुऐदरला आमच्या घरी पोचेपर्यंत इराने मासा मांडीवरच धरला होता. घरात शिरताच तिने मासा थेट माझ्या सासूबाईंच्या हातात दिला. त्या अलिबागहून आल्यात. "आजी, फॉर यू. फक्त तू खायचं."

सासूबाईंनी तो रव्यात घोळवून खरपूस तळला. मग मधली तुकडी काटे काढून इरापुढेच धरली. "घे गो, तुझाच म्हावरा."

"नो आजी, यू फर्स्ट!"

"अगो, मी खाईन मागाहून."

आणि मला लख्ख दिसलं... इतक्या वर्षांत या बाईंना मधली तुकडी खाताना मी पाहिलेलंच नाही. शेपूट नाहीतर डोकं, तेही सगळ्यांचं जेवण उरकल्यावर.

इराने त्यांना हात धरून खुर्चीवर बसवलं. आम्ही सगळे उभे. त्यांनी घास घेतला, लाजल्या... "बघता काय असे? मीठ बरोबर आहे हो!"

घरात वाढते मीच, त्यामुळे निर्णयही माझाच. त्या दिवसापासून पहिलं पान सासूबाईंचं. दूरच्या नदीकाठच्या आज्यांनो, मनापासून आभार... आमची आजी आता गरम गरम जेवते.