बंडूजी, सुपारी आणि संशोधन निधी

आमच्या समितीच्या स्मरणिकेत अध्यक्षांवर एक लेख हवा होता. समितीत मराठी टायपिंग येणारी मी एकटीच, म्हणून मी लेखिका झाले. आमच्या घराण्यात याआधी कोणी काही लिहिलं असेल, तर ते तलाठ्याला अर्ज. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी आष्टीत घरी बसून सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. पुढे ज्या चुका येतील त्या बहुतेक माझ्याच आहेत, आणि त्यांचा पगार मिळालेला नाही.

आमचे अध्यक्ष म्हणजे बंडूजी. बाजारओळीत त्यांचं किराणा दुकान आहे. आजोबांनी काढलेलं, वडिलांनी वाढवलेलं आणि बंडूजींनी, त्यांच्याच शब्दांत, "जसंच्या तसं ठेवलेलं". कॉलेजला ते आर्वीला जात. सकाळची बस रोज चुकायची, म्हणून पहिल्याच वर्षी शिक्षणही चुकलं. वय अठ्ठावन्न, आवाज मोठा, आणि खिशात नेहमी एक कागद, ज्यावरचं ते कधीच वाचत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संशोधन केंद्रातले डॉक्टर तालुक्यात आले. तोंडात पांढरा चट्टा आला, तर कोणाच्या चट्ट्याचा कॅन्सर होतो आणि कोणाच्या होत नाही, हे आधी ओळखता येईल का, यावर त्यांचं काम चाललं होतं. त्यासाठी देणग्या गोळा करणारी गावची समिती हवी होती. सभेला नऊ माणसं होती. "अध्यक्ष कोण?" म्हटल्यावर सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. बंडूजी पाण्याचा जग घ्यायला उठले. उठलेला माणूस पाहून कोणीतरी टाळी वाजवली, आणि झालं.

अडचण एकच होती. तोंडाच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी झोळी फिरवणारे आमचे अध्यक्ष दुकानात सुपारी विकायचे. थोडीथोडकी नाही. आमच्या भागात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा करतात, आणि अर्ध्या आष्टीच्या खर्ऱ्याची सुपारी बंडूजींच्या दुकानातून जायची.

"मी सुपारी विकतो, प्रेरणा. खर्रा मी घोटतो का?" ते म्हणायचे.

"हो ना," आतून त्यांच्या बायको, सुलोचनाकाकू म्हणायच्या, "माचीस विकते, आग लावत नाई. मोठा साधू."

मी समितीत आले ती तांत्रिक प्रमुख म्हणून. पहिल्याच महिन्यात मी 'आपण संशोधनाला निधी का देतो?' या नावाचं पाच मुद्द्यांचं सादरीकरण केलं. मुद्दे मी इंटरनेटवरून गोळा केले होते आणि त्यात 'दीर्घकालीन सामाजिक परतावा' असा शब्द होता. गावोगावी मी ते दाखवलं. माणिकवाड्यात एका म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून विचारलं, "पेशंट समोर पडला हाय, त्याले द्या ना पैसे. डाक्टरच्या काचेच्या नळ्यायले काऊन देता?" मी चौथा मुद्दा पुन्हा वाचून दाखवला. म्हातारा उठून गेला.

बंडूजींची कल्पना मात्र अस्सल होती. आमच्याकडे तेरवीला, म्हणजे तेराव्याला, आलेला प्रत्येक सोयरा घरच्या कर्त्या माणसाच्या खांद्यावर दुपट्टा, म्हणजे उपरणं, टाकतो. घरात पन्नास-साठ दुपट्टे जमतात, आणि मग ते दुसऱ्यांच्या तेरव्यांमध्ये फिरत राहतात. माझ्या बाबांनी एकदा काठावर पेनानं खूण केली, तर तोच दुपट्टा चार वर्षांनी तळेगावहून त्यांच्याच खांद्यावर परत आला. बंडूजी म्हणाले, "दुपट्टा नको, तेवढे पैसे संशोधनाले द्या. मेलेल्याच्या नावानं." पण पहिलं घर तयार होईना. तेरवीला दुपट्टे नाहीत म्हणजे सोयऱ्यांचा अपमान.

आणि मग रूपराव गेले.

रूपराव म्हणजे बंडूजींचे शाळेपासूनचे मित्र. दहा एकरांचे शेतकरी. तोंडाच्या कॅन्सरशी झगडत दोन वर्षं काढली. निदान झालं त्या दिवसापासून त्यांच्या बायकोने, रुख्माबाईंनी, बंडूजींच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. साखरसुद्धा त्या लांबच्या दुकानातून आणायच्या, आणि तीसुद्धा बंडूजींच्या दुकानासमोरून, पिशवी दिसेल अशी धरून.

"पयली बिनदुपट्ट्याची तेरवी रूपरावची," बंडूजी मला म्हणाले. "तिथं नाई जमलं तर मी अध्यक्षपद सोडतो. मंग कोन्या तोंडानं दुसऱ्याच्या दारी जाऊ? पण वहिनी मले दारात उभं करन का?"

"काका, ते माझ्याकडे लागलं," मी म्हटलं.

रूपरावांचा मुलगा रजत माझ्या वर्गात होता. मी त्याला मोबाइलवर लांबलचक निरोप पाठवला. त्याने अंगठा पाठवला. मी बंडूजींना सांगितलं, "घरच्यांची परवानगी मिळाली." आईला विचारलंस का, हे रजतला विचारायचं मला सुचलं नाही. कंपनीत मी याच प्रकारच्या चुकीला लाल रंग देते.

तेरवीच्या दिवशी मांडवात रूपरावांचा हार घातलेला फोटो, शेजारी टेबल, टेबलावर आमचा क्यूआर कोड आणि आलेली रक्कम मोठ्याने सांगणारा डबा. डबा ही माझी भर. माझ्या सादरीकरणात 'पारदर्शकता' असा तिसरा मुद्दा होता ना.

निवृत्त मुख्याध्यापक प्रभाकरराव श्रद्धांजलीला उभे राहिले. रूपरावांचे गुण सांगून झाल्यावर म्हणाले, "या थोर कार्यासाठी मी पाचशे एक रुपये जाहीर करतो. आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू." सगळे उभे राहिले. माना खाली. प्रभाकररावांचा एक हात मात्र मोबाइलवर होता.

"एकावन्न रुपये प्राप्त झाले," डबा म्हणाला.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी डब्याकडे धावले. तेवढ्यात, बहुतेक माझीच पंचाईत पाहून, माझ्या आत्याने कुठून तरी घाईघाईने पैसे पाठवले. "अकरा रुपये प्राप्त झाले." मी बटण दाबलं. ते आवाज वाढवायचं होतं. "अकरा रुपये प्राप्त झाले," आत्याने दुसऱ्यांदा दाबलं होतं, आणि हे स्वयंपाकाच्या चुलीपर्यंत ऐकू गेलं.

रुख्माबाई बाहेर आल्या.

"कोन बोलून राह्यलं?"

रजत माझ्याकडे पाहत होता, मी फोटोकडे.

रुख्माबाईंनी टेबल पाहिलं, मग टेबलामागचे बंडूजी. "बंडूजी. तुमची सुपारी खाऊन माझा माणूस गेला. आता त्याच्याच फोटोखाली दुकान मांडलं का?"

बंडूजींनी खिशातून कागद काढला. तो माझ्या पाच मुद्द्यांचा होता. पहिल्यांदाच त्यांनी तो उघडून डोळ्यांसमोर धरला. वाटलं, आता हे रुख्माबाईंना दीर्घकालीन सामाजिक परतावा सांगतात. त्यांनी कागद घडी करून पुन्हा आत ठेवला.

"वहिनी, तुमच्या वाड्यामागचा तानबा पाहा," ते म्हणाले. "ब्याऐंशीचा हाय. पन्नास वर्सांपासून दिवसाचे दहा खर्रे खाते. आजबी फुटाणे फोडते. आपला रूपराव दोन खाय. दोनच. मंग रूपराव काऊन? तानबा काऊन नाई? मी झोपेतबी हेच इचारतो. ज्याले इचारलं त्यानं सांगतलं, नशीब. नाई तर पाप. हे नागपूरचे डाक्टर पयले असे भेटले, ज्यायनं सांगतलं, आमालेबी माहीत नाई, शोधून राह्यलो. माहीत नाई म्हननारा मानूस भेटला, म्हनून मी त्यायच्यासाठी दारोदार मांगतो. दुसरं कारन नाई माह्यापाशी."

तानबा जेवणाच्या पंगतीत आधीच बसून होते. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

रुख्माबाई म्हणाल्या, "ते शोधतीन तवा शोधतीन. तवरक तुमी विकत राहान का?"

"मी नाई विकली तर दुसरा विकते, वहिनी."

"विकू द्या. त्याले त्याच्या गिऱ्हाईकाच्या तेरवीत इचारीन. आता तुमाले इचारून राह्यली." त्यांनी पदर खोचला. "सुपारी बंद करा, मंग ह्या घरातून दुपट्ट्याचा पैसा न्या. नाई तर टेबल उचला. आन् ते बोलनारं आधी बंद करा."

शेवटचं वाक्य मला होतं. मी डबा ओढणीत गुंडाळला.

बंडूजींनी बायकोकडे पाहिलं. सुलोचनाकाकू म्हणाल्या, "माह्याकडं काय पाहता? मी तीन वर्सांपासून हेच सांगतलं. मी काय मांडवात नाई सांगतलं म्हनून तुमाले ऐकू नाई आलं."

"आजपासून बंद," बंडूजी म्हणाले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण हे मागच्या रांगेला ऐकू गेलं नसावं. रुख्माबाईंनी मान हलवली आणि पंगतीत वाढायला निघून गेल्या. त्या दिवशी रजतच्या खांद्यावर एकही दुपट्टा पडला नाही. पैसे किती जमले ते लिहीत नाही. प्रभाकररावांचा मान राखायचा आहे.

पुढचा महिना बंडूजींनी कुरकुरत काढला. सुपारीसाठी येणारं गिऱ्हाईक जाताना साबण आणि चहापत्तीही न्यायचं. आता ते सगळं मुरलीधराच्या देवळापलीकडच्या दुकानात जाऊ लागलं. "संशोधनाचा खर्च पाहा," ते मला म्हणायचे, "सगळ्यात मोठी देनगी माहीच हाय आन् पावती नाई."

मी लेखासाठी त्यांच्या दुकानात बसले होते, तेव्हा रुख्माबाई आल्या. दोन वर्षांनी पायरी चढल्या. बंडूजी गल्ल्यावरून उठूनच उभे राहिले. रुख्माबाईंनी एक किलो साखर मागितली, भाव पाडून घेतला, आणि मग दुकानभर नजर फिरवली.

"तेलाच्या पिप्यामागं काय हाय?"

"काई नाई वहिनी. पूजेची सुपारी."

"सत्यनारायनाले किती लागते?"

"पाच... सात धरा."

"आन् ते पोतं?"

बंडूजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू तांत्रिक प्रमुख काही मार्ग काढेल. मी वहीत तारीख लिहिली. तारीख आधीच लिहिलेली होती.

"सन येऊन राह्यले, वहिनी. धरमाचं काम हाय."

"आष्टीत इतका धरम कवापासून?" रुख्माबाई साखरेची पिशवी मांडीवर घेऊन पिप्यावर बसल्या. "लावा फोन ज्याच्याकडून आनलं त्याले. मले घाई नाई."

बंडूजींनी आर्वीच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला. "हो, मी बंडू. ते पोतं वापस घ्या लागते. नाई, माल चांगला हाय. काऊन म्हंजे? आता कसं सांगू तुले." त्यांनी पिप्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी बसून हायेत बे. नाई. उठत नाईत."