नानांनी न केलेला फोन

या ग्रुपवर मी बऱ्याच दिवसांपासून आहे, पण लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर इथले अनुभव मी चहा पिता पिता वाचायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाला उत्तर देऊन टाकायचे... वारा असेल, झोप अपुरी असेल, मांजर असेल. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आमच्याकडे माहेरी काय, सासरी काय, कोणी कधी साधी दृष्टसुद्धा काढलेली नाही. तेव्हा आज मी स्वतः लिहायला बसले आहे, याचं नवल सगळ्यात जास्त मलाच वाटतंय.

आम्ही देवळाली प्रवराला राहतो, राहुरी तालुक्यात. घरामागे ऊस, पुढे अंगण, अंगणात कडुलिंब आणि त्याखाली एक सिमेंटचा बाक. घरात मी आणि माझे सासरे, नाना — दोघंच. आमचे हे चाकणला कंपनीत आहेत, पंधरा दिवसांनी येतात. मुलगी पुण्यात हॉस्टेलला. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली.

नानांनी सगळी हयात कांदा मार्केटमध्ये लिलाव पुकारण्यात घालवली. गोण्यांच्या थप्पीपुढे उभे राहिले की शेवटच्या रांगेतल्या टेम्पोवाल्यालाही भाव ऐकू जायचा, माईक लागायचा नाही. गावात त्यांना नावाने कोणी ओळखत नाही. 'लिलाववाले नाना' म्हटलं की कोणीही घर दाखवतं.

आणि नेमका त्याच माणसाला घशाचा कॅन्सर झाला. नगरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. जीव वाचला. पण आता गळ्याला समोर एक छिद्र आहे आणि श्वास तिथूनच होतो. आवाज गेला म्हणजे बसला असं नाही... कुजबुजही नाही. ओठ हलतात, पण फुफ्फुसातली हवा तोंडापर्यंत येतच नाही.

यावर एक उपाय असतो. टॉर्चसारखं छोटं मशीन मिळतं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं, ते थरथरतं, आणि ओठ हलवले की त्या थरथरण्यातून शब्द उमटतात. आवाज एकसुरी असतो, यंत्राचा, पण शब्द कळतात. हॉस्पिटलमधल्या मॅडमनी त्यांच्याकडच्या मशीनवर नानांना शिकवलं होतं. नाना फार लवकर शिकले. मॅडम म्हणाल्या, "तुमचं स्वतःचं मशीन घ्या आणि रोज बोला."

नगरला कुठे मिळेना, म्हणून ऑनलाइन मागवलं. बॉक्स आला. मी नियमाप्रमाणे उघडतानाचा व्हिडिओ काढला, मशीन रात्रभर चार्जिंगला लावलं. सकाळी नानांनी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून मशीन गळ्याला टेकवलं. घर्रर्र झालं... आणि बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. नाना मशीनकडे बघत राहिले. नंतर त्यांनी ते फडक्यात गुंडाळून मला परत दिलं, जणू चूक त्यांचीच होती.

त्यानंतर जे सुरू झालं ते तुमच्यापैकी अनेकांनी भोगलं असेल. ॲपवर 'रिटर्न' दाबलं तर म्हणे, ही आरोग्याची वस्तू आहे, परत घेतली जात नाही, विक्रेत्याशी संपर्क साधा. विक्रेत्याला मेसेज केले — उत्तर नाही. बॉक्सवरचा नंबर कायम बंद. बॉक्सवर पुण्याचा पत्ता होता, तिथे आमचे हे चाकणहून मुद्दाम जाऊन आले. शटर खाली, शेजारचा म्हणाला, गाळा सोडून गेले. कस्टमर केअरच्या चॅटवर मी रोज तीच कहाणी सांगायचे आणि रोज नवीन नाव मला 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' म्हणायचं. एक दिवस मेसेज आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या.' त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये बसून रडले.

ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथल्या मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं, पुढेही पाठवलं. शेवटी पैसे परत मिळतील असं कळलं. पण आम्हाला पैसे नको होते हो... मशीन हवं होतं. दुसरं शोधावं तर सगळीकडे 'स्टॉक संपला', नाहीतर बाहेरून मागवावं लागेल, कधी येईल सांगता येत नाही.

इकडे नाना मिटत चालले होते. पारावर जाणं बंद झालं. मोबाईलवर मराठीत टाइप करायला शिकवलं, पण दोन शब्द झाले की फोन उपडा ठेवून द्यायचे. कोणाचा कॉल आला तर स्क्रीनकडे बघून कट करायचे. जेवणही कमी झालं होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

आता मुख्य गोष्ट.

शनिवार होता, शाळा सकाळची. दुपारी मी गाडी बंद करून फाटकातून आत येत होते आणि थबकले. नाना कडुलिंबाखालच्या बाकावर बसले होते. ते बंद पडलेलं मशीन गळ्याला लावलेलं, आणि ते बोलत होते. म्हणजे ओठ हलत होते. दुसरा हात पूर्वी लिलावात फिरायचा तसा फिरत होता. मध्ये थांबायचे, मान हलवायचे, जणू समोरचा काही म्हणतोय, मग पुन्हा सुरू. आवाज मात्र काहीच नाही. फोन बाकावर शेजारी उपडा पडला होता.

मी फाटकाशी तशीच उभी राहिले. पुढे जायचा धीर होईना. थोड्या वेळाने त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी मशीन खिशात टाकलं, माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी पोहे करत होते. फाटक वाजलं. बाहेर तिशीतला एक माणूस मोटारसायकल लावून उभा, खांद्याला सॅक.

"लिलाववाल्या नानांचं घर हेच का?"

"हो. आपण?"

"मी प्रवीण. पुणतांब्याहून आलोय." तो जरा थांबला. "ताई, ते गळ्याचं मशीन... ते मीच पाठवलं होतं."

माझ्या हातात झारा होता. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम तोंडात आलं, पण त्यानेच घाईघाईने सांगायला सुरुवात केली. ज्याच्याकडून तो माल घ्यायचा, त्याने शेवटचा सगळा लॉट खराब दिला आणि फोन बंद केला. इकडे लोकांच्या शिव्या सुरू झाल्या. साईटने याचं खातं थांबवलं. गाळा सोडून तो गावी येऊन बसला आणि कस्टमरच्या नंबरचं सिम काढून कपाटात टाकलं.

"लई भ्यायलो होतो, ताई. चुकलंच माझं. पण काल नानांचा फोन आला आणि... त्यांच्यामुळेच आलो."

"कोणाचा फोन?"

"नानांचा. दुपारी. चांगले बराच वेळ बोलले."

मला वाटलं हा चेष्टा करतोय, किंवा दुसऱ्याच कोणाच्या घरी आलाय. मी म्हणाले, "काय बोलले?"

"म्हणाले, मालक, असं तोंड लपवून किती दिवस बसनार? मला मशीन पाहिजे, भांडन न्हाई करायचं. एक खराब निघालं, दुसरं चांगलं आसंल तुमच्याकडं, बघा शोधून. देवळालीत या, लिलाववाले नाना म्हनून इचारा, कोनीबी घर दाखवील." प्रवीण जरासा हसला. "आणि प्रत्येक वाक्यानंतर म्हणायचे, 'घ्या बरं ध्यानात.' बायको शेजारीच होती, स्पीकर चालू होता. तीपण ऐकत होती."

झारा मी अंगणातल्या बाकावर ठेवला. 'घ्या बरं ध्यानात' हे नानांचं पालुपद होतं. भाव पक्का झाला की ते व्यापाऱ्याकडे बोट करून तेच म्हणायचे. मग घरातही सवय लागली होती. ऑपरेशन झाल्यापासून ते शब्द या घरात कोणी ऐकले नव्हते.

तेवढ्यात नाना मफलर सारखा करत बाहेर आले. प्रवीण पुढे होऊन त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "नाना, आलो बघा. काल म्हणालात तसं शोधलं, पहिल्या लॉटमधलं एक सीलबंद सापडलं. रात्री चार्ज करून आणलंय."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. प्रवीण उत्तराची वाट बघत होता. मी हळूच म्हणाले, "दादा, त्यांना बोलता येत नाही. स्वरयंत्रच नाही त्यांना. मशीन त्यासाठीच मागवलं होतं ना?"

त्याचा चेहरा उतरला. "मशीन कशासाठी असतं ते मला माहितीये, ताई. पण मला वाटलं... ते घरातल्या दुसऱ्या कोणासाठी असेल. नाना तर स्वच्छ बोलत होते."

त्याने खिशातून फोन काढून दाखवला. शनिवारी दुपारचा कॉल होता, आणि नंबर नानांचा. हा नंबर ऑर्डरवर नव्हता, तिथे माझा होता. आणि कॉल आला होता तो प्रवीणच्या घरच्या नंबरवर, जो कुठल्याच कस्टमरला ठाऊक नाही. मी आतून नानांचा मोबाईल आणला. त्यावरून शनिवारी एकही कॉल गेलेला नव्हता. एक आला मात्र होता, संध्याकाळी, आणि नेहमीप्रमाणे कट केलेला. तो प्रवीणचा. "पत्ता पक्का करायला मीच लावला होता," तो म्हणाला.

मग मला सुचलं. माझ्या फोनवर पुतणीच्या हळदीचा एक जुना व्हिडिओ आहे, त्यात नाना कोणालातरी जेवायला बसा म्हणून हाका मारतायत. मी तो लावला. प्रवीणने दोन हाका ऐकल्या आणि मान हलवली.

"हाच."

त्याने बायकोला व्हिडिओ कॉल करून तिलाही ऐकवलं. आम्ही काही सांगायच्या आतच तिने विचारलं, "कालचे बाबा का हे? कसे हायेत?"

पोहे करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले.

नानांनी प्रवीणच्या सॅककडे बोट केलं. त्यांनी प्रवीणच्या हातून नवं मशीन घेतलं, मफलर सोडला, हॉस्पिटलमध्ये शिकवलं होतं त्या जागी टेकवलं आणि बटण दाबलं. या वेळी ते बंद पडलं नाही. त्या एकसुरी, घोगऱ्या आवाजात नाना म्हणाले,

"बसा मालक. सूनबाई, चहा टाक."

मी चहा टाकायला गेले ती बराच वेळ बाहेर आलेच नाही.

आमच्या ह्यांना रात्री सांगितलं. ते म्हणाले, चुकून पॉकेट डायल झालं असेल. ठीक आहे, पण जो नंबर फोनमध्येच नाही तो चुकून तरी कसा लागेल? आणि लागला, तर बोललं कोण? मग म्हणाले, कोणी गावातल्याने आवाज काढला असेल. त्यांनी सिम कंपनीच्या ॲपवरून नानांच्या नंबरचे सगळे कॉल काढले. त्यातही तो कॉल नाही.

प्रवीणने कपाटातलं सिम परत चालू केलं. पहिले काही दिवस नुसत्या शिव्या खाल्ल्या म्हणतो, पण एकेकाला फोन करून कोणाला मशीन, कोणाला पैसे असं त्याचं चाललंय. अजून सगळ्यांचं मिटलेलं नाही. अवघड गिऱ्हाईक असलं की तो नानांना मध्ये घेतो. नाना मशीन लावून बोलतात. पलीकडच्यांना आधी कंपनीचा रेकॉर्ड केलेला आवाज वाटतो, फोन ठेवायला निघतात... मग नाना त्यांना त्यांच्या गावच्या कांद्याचा भाव विचारतात. नगरच्या हॉस्पिटलमध्येही त्या मॅडम नव्या पेशंटना धीर द्यायला नानांना बोलावतात. पारावर तर ते रोज जातातच, आणि जेवण पूर्वीसारखं.

तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. मी खूप दिवस टाळून शेवटी एकदा नानांनाच विचारलं. तेव्हा ते बाकावर शेंगा सोलत होते.

"नाना, त्या शनिवारी तुम्ही कोणाशी बोलत होतात?"

त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या, मशीन गळ्याला लावलं.

"त्याच्याशीच. रोजच बोलायचो. पहिल्यांदा लई शिव्या दिल्या. त्या दिवशी म्हनलं, नीट बोलून बघावं."

"पण त्याला ऐकू कसं गेलं?"

नानांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"ते मला काय म्हाईत, पोरी," ते म्हणाले. "गेलं, एवढं खरं." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले.