कोळणीचा बर्फ

आज कोळणीने सुरमईवर मूठभर बर्फ टाकला आणि त्या वासासरशी नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवली. एचआयव्हीच्या अभ्यासासाठी मी रक्ताचे नमुने गोळा करायचे; डोंबिवलीतल्या एका विधवेने माझ्या महिनाभराच्या मिनतवाऱ्यांनंतर रक्त दिलं होतं. प्रयोगशाळेत नेताना वाटेत थर्मासमधला बर्फ वितळला, तेव्हा बाजारातल्या कोळणीने आपल्या टोपलीतला बर्फ भरून दिला. “ने गं बाय.” रक्त थंडगार पोचलं, पण प्रयोगशाळेतल्या साहेबांनी नाक दाबलं. “मासळीचा वास येतोय. फेका हे, दुसरं आणा.” वास बाहेरच्या बर्फाचा आहे, बाटलीचं बूच घट्ट आहे, हे मी सांगत राहिले, त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा डोंबिवलीला गेले, तर ती विधवा दारातूनच म्हणाली, “आधीचं कुठं गेलं?” आणि तिने दार लावून घेतलं. तेव्हा साहेबांवर आवाज चढवला नव्हता; इतक्या वर्षांनी आज मी खेकसले, तेही या बर्फ टाकणाऱ्या कोळणीवर.