चार खांद्यांपुरती वाट

माझी लेक जिवंत जन्मली ती ताऊंमुळे. हे आधी सांगते, बाकीचं मागाहून.

ताऊ म्हणजे दिल्लीत मुनिरक्यातले आमचे घरमालक. कुठे बांधकाम निघालं की ते खाट सोडून उठायचे, गल्लीच्या मधोमध उभे राहायचे, दोन्ही कोपरं बाहेर काढायचे आणि गवंड्याला म्हणायचे, "इतनी जगह छोड दे भाई. चार कंधे निकल जावैं." गवंडी हसायचे. तुम्ही त्या गल्ल्यांत खोली घेऊन राहिला असाल, तर असा एखादा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल आणि अंग चोरून पुढे गेला असाल.

माझी शाळा सातवीत सुटली. लग्न होऊन परभणीहून आले तेव्हा नवरा गुडगावच्या कारखान्यात लागला होता, पहाटेच कंपनीच्या बसने जायचा. मला हिंदी धड येत नव्हती. कडी लावून आत बसायचे. ताऊ दारासमोर खाकरायचे आणि खुंट्याच्या म्हशीला म्हणायचे, "पूछ ले बहू से, पानी आया के नहीं." तिकडे वडीलधारे सुनेशी थेट बोलत नाहीत, हे मला कुठे ठाऊक? मी तशीच बाहेर आले, डोक्यावर पदर नाही, आणि त्यांच्याकडे बघून सांगितलं, आलं पाणी. समोरच्या बायकांच्या माना फिरल्या. ताऊंनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. मग म्हशीलाच म्हणाले, "बहू कोन्या या. छोरी सै गाम की."

सून नाही, गावची लेक. लेकीला तिथे घुंघट नसतो. त्या दिवसापासून मी दाराबाहेर पडायला लागले. वरच्या मजल्यावर मोठ्या परीक्षांचा अभ्यास करणारी मराठी मुलं राहायची. छोरीच्या हातची रोटी खाऊन बघा, असं त्यांना ताऊंनीच सांगितलं. माझे डबे तिथून सुरू झाले.

गावच्या शेतजमिनी विद्यापीठासाठी सरकारात गेल्या होत्या, गाव तेवढं उरलं होतं. "मेरे चने के खेत में छोरे अंग्रेजी पढते हैं," असं म्हणून ताऊ विद्यापीठाकडे हात करायचे. तक्रार करतायत की मोठेपणा सांगतायत, कळायचं नाही.

सातव्या महिन्यातच मला कळा सुरू झाल्या. भर दुपार, नवरा कारखान्यात, अंगावरून रक्त जात होतं. रिक्षा गल्लीत शिरत नव्हती. ताऊंनी स्वतःची खाट रिकामी केली, मला तिच्यावर घातलं आणि वरच्या चार मुलांना हाका मारल्या. त्यांनी खाट खांद्यावर घेतली. पुढे ताऊ, कोपरं बाहेर काढून, सायकली, बादल्या, माणसं बाजूला सारत. वळणावर खाट भिंतीला घासली, पण निघाली. जरा उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग गुडगावला काचेच्या इमारती उठल्या आणि इकडे मजल्यांवर मजले चढले. म्हशी गेल्या. ताऊंच्या मुलाला आत दोन खोल्या वाढवायच्या होत्या, म्हणून त्याने जिना गल्लीत काढायचं ठरवलं. नेमका वळणावर. ताऊ जाऊन उभे राहिले, कोपरं बाहेर.

मुलगा म्हणाला, "बापू, भैंसें तो बिक गईं. अब किसने जाना है यहाँ से?"

"मन्नै," ताऊ म्हणाले. मला जायचंय.

मुलाने गवंड्याला काम चालू ठेवायला सांगितलं. त्यानंतर ताऊ कुणाच्याही बांधकामासाठी खाटेवरून उठले नाहीत. माझी लेक त्यांच्यासमोर कोपरं काढून त्यांची नक्कल करायची, तेव्हा मात्र हसायचे.

ताऊ थंडीत गेले. चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली आणि ती जिन्यापाशी अडकली. मागे घेतली, पुन्हा पुढे आणली. शेवटी खाली उतरवली, ताऊंना आणखी दोन दोऱ्या आवळल्या आणि तिरडी उभी करून दोघांनी काढली, कपाट काढतात तशी. मुलगा पुढून उलटा चालत सांगत होता, जरा तिरपं करा. चेहऱ्यावरचं कापड सरकलं होतं. तिथे बायका स्मशानात जात नाहीत. मी लेकीला पोटाशी धरून दारातच उभी राहिले. तेवढं कापड सारखं करायलाही बाजूला कुणी मावत नव्हतं.

आता आम्ही गुडगावच्या पुढे, मानेसरच्या अलीकडे जमिनीचा एक तुकडा घेतलाय. चार कोपऱ्यांत चार दगड, बाकी काही नाही. शेजाऱ्यांचे ओटे आत्तापासूनच रस्त्यावर आलेत. गवंडी म्हणतो, भाभीजी, सब आगे ले रहे हैं, आप भी ले लो.

ताऊ, घर कधी होईल ते माहीत नाही. पण होईल तेव्हा गवंड्यासमोर मी स्वतः उभी राहीन, कोपरं बाहेर काढून, आणि भिंत तेवढी मागे घ्यायला लावीन.